नो फॉल्ट फाउंड

२ ऑक्टोबर २००६, दसरा

गाडी आली. अखेर आली. लाल, दोन दारांची, दोन सीटची, जमिनीला जवळजवळ चिकटून बसलेली. इंग्लंडहून बोटीने मुंबईला, तिथून बांद्र्याच्या कुणा हौशी माणसाकडे, मग बॅप्टिस्ट तुस्कानोकडे आणि आजपासून श्री. चंद्रहास राऊत यांच्याकडे. म्हणजे माझ्याकडे.

बॅप्टिस्ट आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याची सांडोरला केळीची वाडी, माझं घर पारनाक्याला. बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून मी या गाडीसाठी त्याच्या मागे लागलो होतो. आज चावी देताना त्याचा हात सुटत नव्हता. तीनतीनदा सांगत होता की चंदू, तीन नंबरचा सिलिंडर नीट जळत नाही, कधीतरी इंजिन उघडावंच लागेल, अजून विचार कर. गाडीवर जीव जडला की माणूस काहीही बोलतो. मी समजून घेतलं. पाठीवर थाप मारली आणि चावी काढून घेतली.

विनयाने हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग विचारलं, आपण दोघं बसल्यावर कृतिका कुठे बसणार? मी म्हटलं, स्पोर्ट्स कार हा कौटुंबिक विषय नाही.

संकल्प: रोज पहाटे गाडीने समुद्रापर्यंत फेरी. पोट कमी करणे, कारण ते स्टिअरिंगला लागतं. रोजनिशी नियमित.

४ ऑक्टोबर

पहाटेची फेरी साडेआठला झाली. अशा गाडीतून उतरायची एक खास पद्धत असते. ती हळूहळू जमेल. आज भाजीवाल्याने एक हात धरला आणि पोस्टमनने दुसरा.

६ ऑक्टोबर

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आकार चहाच्या किटलीसारखा. विनया म्हणाली, चहाची वेळ झाली असेल. माझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या क्षणी ही नेहमी अशीच बोलते.

कृतिकाने इंटरनेटवर शोधलं. ती एमसीए करते, त्यामुळे घरात तिच्या शब्दाला वजन आहे. किटली नाही, इंजिन आहे ते. गाडीतला कॉम्प्युटर बिघाडाचा नंबर लिहून ठेवतो. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो, त्यात कोड रीडर नावाचं यंत्र लावलं की नंबर वाचता येतो.

मला एकदम उत्साह आला. गाडीला काहीतरी सांगायचंय आणि आजवर तिला ऐकणारा मिळाला नाही. बॅप्टिस्टने तिच्याशी कधी संवादच साधला नसणार. आता मी साधेन. मेकॅनिकची गरज नाही. कोड रीडर घ्यायचा, पण घाई नाही. पूर्ण अभ्यास करून.

१२ ऑक्टोबर

अभ्यास पूर्ण. काही यंत्रं फक्त नंबर दाखवतात, काही नंबराचा अर्थ सांगतात, काही नंबर पुसूनही टाकतात. पुसणारं घ्यावं असं मन सांगतं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन यंत्र आणलं. मोबाइलएवढं, दोन ओळींचा स्क्रीन. दुकानदार म्हणाला, ‘आँख बंद करके ले जाओ.’

अंगणात लावलं. स्क्रीनवर आलं: पी झिरो थ्री झिरो थ्री. पुस्तिकेत अर्थ पाहिला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

अर्थ दोनदा वाचला. मग प्रकाश पडला. गाडीच्या मेमरीत बॅप्टिस्टचं मत बसलं होतं. इतकी वर्षं तो तिच्यासमोर तेच तेच बोलत आला, दुसरं काय होणार? पुसण्याचं बटण दाबलं. दिवा गेला. गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली. मलाही.

१५ ऑक्टोबर

पापडीपर्यंत गेलो आणि दिवा परत लागला. वर गाडी हुंदके दिल्यासारखी चालते. यंत्र पुसतं, पण मनापासून पुसत नाही.

१६ ऑक्टोबर

परत लॅमिंग्टन रोड. दुकानदार यंत्र परत घ्यायला तयार नाही. म्हणाला की यंत्र चांगलं आहे, गाडी खराब आहे. गाडी न बघता म्हणाला. शनिवारी हाच माणूस मला डोळे मिटून न्यायला सांगत होता. या व्यवहारातला हा पहिला विश्वासघात. नोंद असावी म्हणून लिहितो.

२२ ऑक्टोबर, दिवाळी

बॅप्टिस्ट, त्याची बायको आग्नेस आणि मुलगी क्लेमेंटीन फराळाला आले. क्लेमेंटीनचं लग्न ठरलंय. मुलगा कळंबकडचा, लग्न सहा जानेवारीला, तिकडच्याच चर्चमध्ये. माझ्या खांद्यावर बसून वसईची जत्रा पाहिलेली पोर. मला भरून आलं आणि मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सांडोरहून चर्चपर्यंत क्लेमेंटीन लाल गाडीतून जाणार आणि गाडी मी चालवणार.

आनंदाने कुणाला काही बोलता येईना. आग्नेस बॅप्टिस्टकडे बघत राहिली, बॅप्टिस्ट चिवड्याच्या बशीत. शेवटी क्लेमेंटीनच म्हणाली, हो काका, चालेल. गुणी मुलगी.

ते गेल्यावर विनया म्हणाली, तुम्ही कुणाला विचारलंत का? मी म्हटलं, भेट द्यायची तर विचारतात का?

२३ ऑक्टोबर

आता यंत्र नीट निवडायलाच हवं. प्रश्न माझा राहिला नाही, मुलीच्या लग्नाचा आहे. संकल्प: सहा जानेवारीच्या आत किटली बंद.

५ नोव्हेंबर

दुसरं यंत्र. हे लॅपटॉपला लावायचं, सोबत सीडी येते. कृतिकाचा लॅपटॉप मागितला. तिने प्रोजेक्टचं कारण सांगितलं, मी बापाचं कारण सांगितलं. अंगणात खुर्ची, खुर्चीवर लॅपटॉप, गाडीच्या दारातून वायर. आलेगेले थांबून बघत होते. छान वाटत होतं.

लॅपटॉपवर दोन कोड आले. आधीचा होताच, वर दुसरा. धुराड्यातला भागही आता नीट काम करत नाही म्हणे. कृतिकाने समजावलं की पहिला बिघाड तसाच ठेवल्यामुळे दुसरा झाला असेल. मला वाटतं की काही यंत्रांचा स्वभावच तक्रार वाढवायचा असतो. आमच्या हेड ऑफिसात असे लोक होते.

रीडर बाद.

११ नोव्हेंबर

पहाटेची फेरी तूर्त बंद. गाडीला विश्रांती हवी. पोटाचं पुढच्या महिन्यापासून.

१८ नोव्हेंबर

विनयाच्या आग्रहामुळे, केवळ तिच्या समाधानासाठी, सिप्रियनच्या गॅरेजला गेलो. त्याच्याकडे मोठा स्कॅनर आहे, पेटीएवढा, रंगीत पडद्याचा. त्याने लावला, बघितलं, काढला. म्हणाला, तीन नंबर, राऊतसाहेब, कॉम्प्रेशनच नाही, दाबच धरत नाही, उघडूया. मी विचारलं, न उघडता? तो म्हणाला, न उघडता तुम्ही फक्त बघू शकता.

घरी येताना आठवलं. सिप्रियन हा बॅप्टिस्टचा मावसभाऊ. मग सगळं जुळलं.

विनयाला सांगितलं. ती म्हणाली, लॅमिंग्टन रोडचं यंत्र पण मावसभाऊ आहे का? घरातूनही साथ नाही, हे एकदा लिहून ठेवायलाच हवं.

२१ नोव्हेंबर

बॅप्टिस्ट एकटाच आला. चहा घेतला, केळफूल आणलं होतं ते विनयाला दिलं आणि अंगणात उभा राहून म्हणाला, चंदू, मला गाडी परत दे. तू दिलंस ते सगळं परत देतो.

म्हणजे ही गोष्ट होती! गाडी खराब असती तर कोण परत मागेल? मी शांतपणे नाही म्हटलं. तो बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मग म्हणाला, बरं, तुझी मर्जी, आणि सायकल घेऊन गेला.

मन फार खट्टू झालं. ज्याच्याबरोबर एका डब्यातून खाल्लं, त्याला माझ्याकडे एक चांगली वस्तू बघवत नाही.

३ डिसेंबर

मिळालं! मासिकातल्या जाहिरातीवरून दिल्लीहून कुरियरने मागवलं. काळं, देखणं, हातात धरल्यावर वजन जाणवतं. स्वतःच्या सेलवर चालतं, गाडीच्या विजेचे उपकार घेत नाही. बटण दाबलं, थोडा विचार केला, हिरवा दिवा लावला आणि इंग्रजीत लिहिलं: नो फॉल्ट फाउंड.

तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तेच. खरं बोलणारी वस्तू वारंवार तेच बोलते.

वेग तर विलक्षण. एकदा वायर गाडीला लावायच्या आधीच उत्तर आलं.

४ डिसेंबर

कृतिकाने यंत्र स्वयंपाकघरात नेलं आणि वायर मिक्सरला टेकवली. नो फॉल्ट फाउंड. मग माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली. मी म्हटलं, यात चूक काय? मिक्सरला खरोखरच काही झालेलं नाही, गेल्याच महिन्यात दुरुस्त करून आणलाय. ती आत गेली. शिकलेल्या मुलांना मुद्दा पटला की ती कबूल करत नाहीत, निघून जातात.

निवड झाली. हाच रीडर.

१० डिसेंबर

किटली अजून पेटते. पण आता आपल्याला माहीत आहे की फॉल्ट नाही, म्हणजे बिघाड दिव्यात आहे. विनयाच्या पाकिटातली मोठी काळी टिकली त्यावर लावली. एकदम स्वच्छ दिसतं.

२५ डिसेंबर, नाताळ

सांडोरला बॅप्टिस्टकडे गेलो. मनात काही न ठेवता गेलो, हा माझा स्वभाव. बॅप्टिस्टनेही केक कापून पहिला तुकडा मलाच दिला. आग्नेस आणि विनया पडवीत फुलांबद्दल काहीतरी ठरवत होत्या. मी आलो तशा गप्प झाल्या. नंतर बॅप्टिस्ट अंगणात फोनवर कुणालातरी ‘मागे, थोडं अंतर ठेवून’ असं सांगत होता. मला बघून फोन ठेवला.

लक्षात आलं. रिसेप्शनला माझा सत्कार करणार आहेत. मी काही कळल्याचं दाखवलं नाही. दोन मिनिटांचं भाषण तयार ठेवलेलं बरं.

१ जानेवारी २००७

नवीन वर्ष. संकल्प: माणसांवर विश्वास ठेवायचा. भाषण पाठ झालं. सुरुवात बॅप्टिस्टच्या मैत्रीपासून केली आहे. झालं गेलं विसरून.

६ जानेवारी, शनिवार, रात्री

आज सगळं लिहिणार.

सकाळी यंत्र लावलं. हिरवा दिवा. गाडीवर तांबडी जरबेरा, पांढऱ्या रिबिनी. सुटात सांडोरला पोचलो. विनया म्हणाली होती की ती रिक्षाने परस्पर चर्चला येईल. क्लेमेंटीन पांढऱ्या गाऊनमध्ये बाहेर आली. बँडवाले वाजवत होते, शेजारच्या बायका डोळे पुसत होत्या. गाऊनचा घेर आत घ्यायला चार बायका लागल्या. शेवटी पोर बसली आणि उरलेल्या जागेत मी बसलो.

भुईगाव गेलं. माझ्या पायाखाली गाडी हुंदके देत होती, मी तिला मनातल्या मनात समजावत होतो. आरशात एक पांढरी गाडी दिसली, मागे, फुलं लावलेली. म्हटलं आज दुसरंही लग्न दिसतंय. क्लेमेंटीनला तसं सांगितलंसुद्धा. ती ‘असेल’ म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गिरीजनंतर टिकलीच्या कडेने पिवळा उजेड यायला लागला. लागतोय, विझतोय. मग टिकलीच पडली. निर्मळच्या अलीकडे गाडी दोनदा कळवळली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी चावी फिरवली. परत फिरवली. डॅशबोर्डवर हात फिरवला. मग मागे दार उघडल्याचा आवाज आला.

पांढरी गाडी आमच्या मागेच थांबली होती. हॉर्न नाही, घाई नाही, नेहमीचा स्टॉप असल्यासारखी. तिच्या बॉनेटवर तांबडी जरबेरा, पांढऱ्या रिबिनी. माझ्याच फुलवाल्याकडची. आत ड्रायव्हर, मागे बॅप्टिस्ट आणि आग्नेस. आणि ड्रायव्हरशेजारी रेशमी साडीत विनया.

कुणीही ‘काय झालं?’ असं विचारलं नाही. एकानेही नाही. तेच मला लागलं. आग्नेस येऊन गाऊनचा घेर गोळा करायला लागली. बॅप्टिस्टने मला पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे न बघता लेकीचा हात धरून तिला बाहेर काढलं.

मी क्लेमेंटीनला विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

‘सगळ्यांना माहीत होतं, काका,’ ती म्हणाली. ‘पण मला तुमच्या गाडीत बसायचं होतं. बसले ना. इथपर्यंत छान आली.’

इथपर्यंत!

आग्नेस पुढे जाऊन बसली, क्लेमेंटीन मागे बॅप्टिस्टशेजारी. विनया उतरली होती. आपली जागा द्यायची हेही ठरलेलंच असणार. पांढरी गाडी गेली. रस्त्यावर मी, विनया आणि फुलं लावलेली लाल गाडी. येणारेजाणारे आमच्याकडे नवरानवरीसारखे बघत होते. विनया म्हणाली, ऊन लागतंय, इकडे झाडाखाली या. मी गेलो नाही. मग थोड्या वेळाने गेलो.

इतक्यात सिप्रियनची जीप आली. तोही लग्नालाच निघालेला, सुटात, टायबिय लावून. जीपमध्ये ओढायचा दोर. मी विचारलं, लग्नाला दोर घेऊन जातोस? तो म्हणाला, आज ठेवला होता.

रिक्षाने चर्चला पोचलो तेव्हा फादर आशीर्वाद देत होते. रिसेप्शनला कुणी माझं नाव पुकारलं नाही. जेवण चांगलं होतं असं म्हणतात.

७ जानेवारी

सकाळपासून खोलीतच आहे. हिशोब मांडला. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार, दिल्लीची जाहिरात, सिप्रियन, पोटची पोर, अग्नीसमोर हात धरलेली बायको आणि या सगळ्यांच्या वर बॅप्टिस्ट. अडीच महिने माझ्या तोंडावर हो हो करून मागे गाडी लावली. सत्काराचं म्हणून मी भाषण पाठ करत होतो आणि हे लोक ड्रायव्हरला अंतर शिकवत होते.

विनया दाराशी येऊन म्हणाली की तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? ऐकलं असतं की नसतं हा मुद्दा नाही. सांगायला हवं होतं. ती म्हणाली, दसऱ्याला बॅप्टिस्टने सांगितलंच होतं. मी दार लावून घेतलं.

८ जानेवारी

निर्णय झाला. उद्या सांडोरला जाऊन बॅप्टिस्टला तोंडावर सांगायचं की आजपासून आपला संबंध संपला. शांतपणे, आवाज न चढवता. सत्काराच्या भाषणातला मैत्रीचा भाग उलटा केला तर बरोबर बसतो. दोनदा म्हणून पाहिलं.

९ जानेवारी

रिक्षाने सांडोरला गेलो. बॅप्टिस्टच्या अंगणातला मांडव अजून उतरवला नव्हता. तो एकटाच खुर्च्या एकात एक रचत होता. घर एकदम शांत. आग्नेस आत झोपली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला.

त्याने खाली बघतच एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाला, ‘ती गेली रे, चंदू.’

मी बसलो. उभं राहून सांगायचं ठरवलं होतं, पण बसलो. तोही बसला.

मग आपणहून बोलायला लागला. म्हणाला की दिवाळीला तू सांगितलंस ना, लाल गाडीतून नेणार, त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी बंद पडेल म्हणून नाही. त्या गाडीत दोनच सीट. मुलीला चर्चमध्ये नेताना बापाने शेजारी बसायचं असतं, आणि तिथे तू बसणार होतास. आग्नेस सांगत होती, चंदूला बोल. मी तुझ्याकडे आलोही. गाडी परत मागितली. पण हे तोंडातून निघेना. तू इतका खूश होतास.

मी खुर्च्यांकडे बघत होतो.

तो म्हणाला, ‘निर्मळपासून चर्चपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. बोललो काहीच नाही आम्ही. तुझी गाडी बंद पडली नसती तर तेवढंही मिळालं नसतं.’

भाषण खिशात होतं, पाठही होतं. त्यातलं एक वाक्य कुठे बसेना. त्याने चहा केला, फार गोड केला, तो प्यालो. मग दोघांनी मिळून उरलेल्या खुर्च्या रचल्या. निघताना त्याने केळ्यांची फणी दिली, ती घेतली.

येताना रिक्षात ठरवलं होतं की आज असं लिहायचं: शेवटी जे चांगलं झालं ते माझ्या गाडीमुळेच झालं. घरी येऊन लिहिलंही, सुंदर अक्षरात. वाचून पाहिलं. खोडलं.

त्या जागी दुसरं काही सुचलं नाही. विनया जेवायला हाक मारतेय.